शेवटची बाही

३ मार्च

ताई,

तुझ्या कवितांचं बाड काल मिळालं. टेबलावर जागा नव्हती, म्हणून वरच्या जबड्याचे साचे उचलून खिडकीत ठेवले आणि तिथंच वाचत बसलो. संध्याकाळी दंतवैद्यबाईंचा निरोप आला, आजच्या कवळ्यांचं काय झालं? म्हटलं, माझ्या मावसबहिणीने आयुष्यभर लपवून ठेवलेल्या कविता एकदाच्या बाहेर काढल्यात, लोक एक दिवस पेज पिऊन राहतील.

प्रकाशकाला प्रस्तावना माझीच हवी आहे, कारण माझ्या नावावर दोन संग्रह आहेत. त्यातला दुसरा अजून त्याच्याच माळ्यावर गठ्ठे बांधून पडलाय, हे तो सोयीने विसरला. लिहीन. तुझ्यासाठी नाही लिहिणार तर कुणासाठी?

आता भांडण. 'जणू' फार झालेत. पानापानावर एक जणू दबा धरून बसलाय. उपटून टाक. 'पायरी' या कवितेचं शेवटचं कडवं काढ. कविता आधीच संपलीय आणि तू मात्र दार धरून बोलत उभी आहेस. 'टाचण्या' इतकी चांगली आहे की मला हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याचं बरंही वाटलं. 'बाही'बद्दल सावकाश लिहितो. ती वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

सोबत माझी एक कविता आहे. तीन वर्षांत एवढीच झाली. दया न दाखवता वाच.

मावशीची कवळी कशी आहे? टोचत असेल तर कुठं ते बोट लावून बघ आणि कळव.

तुझा,
ठोंब्या


११ मार्च

ठोंब्या,

'जणू' उपटले. पहिल्यांदा राग आला, मग एकेक काढत गेले तशा ओळी मोकळ्या झाल्या. 'पायरी'चं कडवं मात्र राहणार. मी दार धरूनच बोलते, तुला माहीत आहे.

फोन करत जाऊ नकोस. फोनवर आपण दोघंही 'छान आहे, छान आहे' म्हणतो आणि ठेवून देतो. शिवाय दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि आई दिवसभर तिथं माझ्या मशीनशेजारी बटणं निवडत बसलेली असते. डोळे गेल्यापासून तिचे कान इतके तिखट झालेत की फोनच्या पलीकडचंही ऐकते आणि मध्येच उत्तर देते. कवितेबद्दल जे काही वाईट बोलायचं ते कागदावर बोल.

आता तुझी कविता. 'हसण्याची जागा, हसू नसलेली.' ही ओळ माझी असती तर मी आठवडाभर काम केलं नसतं. पण तिच्याआधी 'ओठांमागची रिक्तता' कशाला? तो शब्द पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसलाय, पाठ टेकत नाही. तू रोज ते हातात धरतोस. तिथं तुम्ही लोक काय म्हणता? पोकळी? खड्डा? जे म्हणता ते लिही. तुझ्या कवितेत तुझा धंदा कधी येत नाही, रे. माणूस रोज दात बसवतो आणि लिहितो मात्र क्षितिजावर.

कवळी ठीक आहे. राग आला की काढून पेल्यात ठेवते आणि मग कुणाशी बोलायचं नाही असा तिचा नियम आहे. म्हणजे तिला ती फारच उपयोगी पडते.

संग्रहाचं सांगितल्यापासून रोज विचारते, आलं का पुस्तक? ते आलं की मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवीन असं कबूल केलंय. तिला ऐकवायचं म्हणूनच मी छापायला तयार झाले. मला बाकी कुणाची घाई नाही, तिची आहे.

ताई


२२ मार्च

ताई,

धंद्यातले शब्द कवितेत टोचतात, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. वाचणाऱ्याला शब्द अडला की कविता तिथंच थांबते. 'पोकळी' करून पाहिलं. वाईट नाही. पण तुझं ऐकलं असं होईल म्हणून अजून ठरवलेलं नाही.

'बाही'बद्दल लिहितो म्हणालो होतो. मी ती उतरवून भिंतीवर लावली आहे:

पाच जणांना एकच तागा,
मला आली शेवटची बाही.
आईने माया ठेवली नव्हती,
मी वाढत गेले, बाही नाही.

आता दुसऱ्यांच्या शिवणी उसवते,
आत सापडते बोटभर कधी.
सैल करून देते, इस्त्री फिरवते,
मनगट माझं झाकते आधी.

ताई, आपण दोघं एका घरात वाढलो. माझी आई गेल्यावर मावशीने मला आणलं, तेव्हापासून एका ताटात जेवलो. तरी तुझ्या मनात हे आहे, हे मला कधी कळलं नाही. तू केवढं धाडस केलंस. मी प्रस्तावनेचा सगळा भार या कवितेवर टाकलाय. प्रकाशकाला घाई आहे, म्हणून प्रस्तावना थेट त्याच्याकडे पाठवतो. तू ती छापल्यावरच बघ. आधी दाखवली तर तू तिचं कौतुक उसवून ठेवशील.

एक विचारू? मावशीला ही कविता वाचून दाखवलीस का?

ठोंब्या


२ एप्रिल

ठोंब्या,

धाडस कसलं आलंय? 'बाही'ला 'नाही' जुळलं, एवढंच. दुसऱ्या कडव्यात 'कधी'ला 'आधी' बसवताना मात्र घाम फुटला होता, ते म्हणत असशील तर खरं.

हो, दाखवली की. आई हसली. म्हणाली, तागा कुठला, उरलेले तुकडे होते, दुकानदाराने मापात चार बोटं मारली होती. मग त्या दुकानदाराचा उद्धार करण्यात तासभर गेला. मी म्हटलं, कवितेत तागाच राहू दे. म्हणाली, राहू दे, श्रीमंती वाटते.

तू भिंतीवर वगैरे लावू नकोस. गिऱ्हाईक विचारेल, दातांच्या दुकानात बाही कशाला?

ताई


१४ एप्रिल

ताई,

मावशी हसली, हे मी पत्रात दोनदा वाचलं. केवढं मन. प्रस्तावनेत तिच्याबद्दल एक वाक्य वाढवलंय.

पाठवून दिली. आता माझ्या हातात काही नाही.

ठोंब्या


९ जून

ठोंब्या,

पुस्तकं आली. कागद चांगला आहे, मुखपृष्ठ निळं, तसंच हवं होतं. मागच्या बाजूला तुझ्या प्रस्तावनेतली वाक्यं जाड अक्षरात छापलीत. तुझ्या लक्षात नसतील तर उतरवून देते:

'आईने माया ठेवली नव्हती, हे इतक्या शांतपणे सांगणारी मुलगी आपल्या कवितेत क्वचितच भेटते. मायेवाचून वाढलेल्या मनगटाची ही कविता आहे. अशा आईलाही ही कवयित्री दोष देत नाही.'

आत आणखी पाच पानं. शेवटी ते तुझं वाढवलेलं वाक्य: 'आणि ती आईही हे ऐकून हसते, यात दोघींचं मोठेपण आहे.'

अरे ठोंब्या, ठोंब्या. माया म्हणजे शिवणीतलं कापड. शिवताना कडेला बोटभर जास्तीचं आत दुमडून ठेवतात, पुढं अंग भरलं की उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. सगळे शिंपी म्हणतात. आई म्हणते, मी म्हणते, दुकानात दिवसातून दहा वेळा म्हटलं जातं, 'यात माया नाही हो, सैल होणार नाही.' तुकडे अपुरे होते, म्हणून माझ्या बाहीत माया ठेवता आली नाही, बाही आखूड झाली. एवढीच ती कविता आहे. आई हसली ती त्यामुळं. तू आमच्या घरात इतकी वर्षं काढलीस आणि तुला हा शब्द माहीत नाही?

मी तुझ्यावर फार चिडले आहे. आणि तुझं ते पाच पानांचं लिखाण इतकं सुंदर आहे की मला नीट चिडताही येत नाही.

आईला काय सांगू ते सांग. ती काल म्हणाली, ठोंब्याने लिहिलंय ते आधी वाच. मी पुस्तक उघडलं आणि मनानेच काहीतरी वाचत सुटले, 'ताईची कविता साधी आहे, प्रामाणिक आहे, सर्वांनी अवश्य वाचावी.' तिनं दोन मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'हे ठोंब्याचं नाही. तो इतकं सोपं लिहीत नाही.' मी म्हटलं, डोळे दुखतायत, उद्या वाचते. दिवसातून दहादा विचारणारी बाई आहे ती, उद्या काय करू?

चौऱ्यांशी वर्षांच्या बाईला तिच्या मुलीच्या पुस्तकावर हे छापलंय म्हणून वाचून दाखवू?

ताई


१३ जून

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला हसू आलं. मग नाही आलं.

प्रकाशकाला फोन केला. राहिलेल्या प्रतींवर चिकटपट्टी लावून मागचा मजकूर झाकू म्हणालो, खर्च माझा. तो म्हणाला, लोक आधी चिकटपट्टीच काढून बघतील. प्रस्तावनेची पानं कापायलाही तो तयार नाही, शिवण सुटेल म्हणतो. बघ, शिवण.

मला शब्द माहीत नव्हता हे खरं आहे. पण नुसतं तेवढंच नाही, आणि तुझ्यापासून लपवणार नाही. मला ती ओळ तशी दिसली, कारण मी तुमच्या घरात ते पाहिलं होतं. मावशी तुम्हाला ओरडायची, मला कधी ओरडली नाही. दुधावरची साय माझ्या पेल्यात यायची. तू दारात उभी राहून बघायचीस आणि काही बोलायची नाहीस. आई नसलेलं पोर म्हणून मला सगळं मिळालं आणि मी ते गिळलं. इतकी वर्षं मनात होतं की ताईला याचं काहीतरी वाटत असणार. तुझ्या कवितेत 'माया' दिसल्याबरोबर मला वाटलं, शेवटी बोलली. मी तुझी कविता वाचलीच नाही गं. मी माझ्याच मनातलं वाचलं आणि तुझ्या नावावर छापून टाकलं.

येऊ का? मावशीसमोर बसून मीच सांगतो.

ठोंब्या


१६ जून

येऊ नकोस. उशीर झाला.

काल एक बाई झब्बा सैल करायला आल्या होत्या. मी आत पाणी प्यायला गेले, तेवढ्यात त्यांनी काउंटरवरचं पुस्तक उचललं. आई म्हणाली, वाचता येतं ना तुम्हाला, जरा मागचं वाचा, ही आठवडाभर टाळतेय. त्यांनी वाचलं. मोठ्याने, शाळेत वाचतात तसं, स्पष्ट. मी बाहेर आले तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं.

आईने बटणांचा डबा बंद केला आणि कवळी काढून पेल्यात ठेवली. त्यानंतर अजून बोललेली नाही. पेज पिते. मी 'आई, माया म्हणजे कापडाची गं' म्हणायला गेले, तर तिनं हातानेच थांबवलं.

आणि तू सायीचं लिहिलंस ते वाचून मी मशीनवर डोकं टेकून बसले होते. साय मला आवडतच नाही. पण मी दारात उभी राहून बघायचे, हे खरं आहे.

ताई


१९ जून

(ताई, हे मावशीला वाचून दाखव. जसंच्या तसं, मनाचं काही घालू नकोस.)

मावशी,

मी ठोंब्या. सोपं लिहितोय, म्हणजे मीच आहे का अशी तुला शंका येईल. मीच आहे.

पुस्तकावर जे छापलंय ते ताईचं म्हणणं नाही, माझं आहे, आणि ते चुकलेलं आहे. ताईने कापडाची माया लिहिली, मी मनाची वाचली. एखाद्याची कवळी टोचली की मी विचारतो, कुठं टोचतं, आणि बरोबर तिथं घासतो. या वेळी टोचत होतं मला आणि घासलं मी तुला.

तुझ्याकडे आलो तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. तू मला एक निळा सदरा शिवलास. तो मी इतकी वर्षं घातला की शाळेत मुलं विचारायची, हा तुझ्याबरोबर वाढतो का? हे आत्ताच आठवलं. मला तेव्हा वाटायचं, तसंच असतं, सदरे वाढतात.

रागाव, पण दात लाव.

ठोंब्या


२७ जून

ठोंब्या,

आई सांगतेय, मी लिहितेय. जसंच्या तसं लिही अशी मलाही ताकीद आहे.

'ठोंब्या, तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. मग तुझी ती पाच पानंही वाचून घेतली, पूर्ण. चांगलं लिहितोस. लांबवतोस.

हिचं म्हणणं, तुला शब्द कळला नाही. तुझं म्हणणं, तू चुकलास. दोघंही मला समजावताय, मी काय लहान आहे? मी दात काढून बसले ते रागावून नाही. मला आठवायचं होतं, आणि तुम्ही मध्ये मध्ये बोलता.

पाच जण होतात. माझे चार आणि तू पाचवा. तुकडे सगळे टेबलावर मांडले होते. तुझा सदरा मी आधी कापला. तुला माया जास्त ठेवली, बाहीला, खांद्याला, खाली घेरालाही. म्हटलं, आई नाही या पोराला, उद्या माझं काही झालं तर याला नवं कोण शिवेल? एवढा सदरा तरी पुरू दे. मग मोठ्यांचे कापले. ही शेवटची, हिला उरेल त्यात बसवलं. बाही आखूड होणार हे कात्री लावतानाच दिसत होतं मला. म्हटलं, ही माझी आहे, ही समजून घेईल.

दुकानदाराने मापात मारलं म्हणते ना मी, ते खोटं आहे. त्यानं बरोबर दिलं होतं.

तेव्हा तू लिहिलंस ते पुसू नकोस. माया ठेवली नव्हती. कापडाचीही नव्हती आणि तू म्हणतोस तीही थोडी कमीच पडली असेल. होती तेवढी सगळी वापरली. पण हिच्याकडे दुर्लक्ष केलं असं कुणी म्हणालं तर त्याला दुकानात पाठव, मी बघते.

तू उगाच सदरा मिरवल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू लहान होतास. तुला वाढायचंच होतं.

कवळी खालून डावीकडे टोचते. ये.'

आईचं इथं संपलं, ठोंब्या. पुढचं माझं.

लिहिताना माझी अक्षरं वाकडी झालीत, तिला दिसत नाहीत म्हणून बरं. मी तुला लिहिलं होतं, एवढीच ती कविता आहे. ते मी खोटं बोलले नव्हते. लिहिताना मला खरंच कापडच दिसत होतं. पण तू वाचलंस तेव्हा ते दुसरं तिथं होतं, आणि आईने ऐकलं तेव्हाही होतं. मी एकटीच होते जिला ते दिसलं नाही. प्रस्तावना आहे तशी राहू दे. दुसरी आवृत्ती निघालीच, तर 'पाच जणांना'च्या खाली तुझं नाव टाकू, म्हणजे लोकांना पाचवा कोण ते कळेल. तू 'पोकळी' कर आणि ती कविता छापायला दे.

आणि एक सांगायचं राहिलं. पत्र लिहून झाल्यावर आई म्हणाली, हात इकडे कर. मी पुढं केला. तिनं दंडापासून चाचपत चाचपत बाही मनगटापर्यंत आणली. बाही पुरेशी लांब आहे, मी माझे कपडे नेहमी लांबच शिवते. मग तिनं कड उलटी केली आणि आतली शिवण बोटांनी मोजली. बराच वेळ धरून बसली होती. म्हणाली,

'चार बोटं माया ठेवलीस? एवढी कशाला गं? आता कुठं वाढणार आहेस तू?'

ताई